खोसा भाषेचे वयोवृद्ध विद्यार्थी : डॉ. व्हान डर केंप

जो परक्या लोकांस शिकवावयास जातो, त्यास प्रथम त्यांचा शिष्य व्हावें लागतें. डॉ. योहान्नेस व्हान डर केंप यांचें चरित्र याची साक्ष देतें.

त्यांचा जन्म इ. स. १७४७ सालीं हॉलंड देशांत राटरडाम शहरीं झाला. कित्येक वर्षें सैन्यांत अधिकारी राहून पुढें त्यांनीं एडिंबरो येथें वैद्यकीची पदवी घेतली. धर्माविषयीं ते उदासीन होते. १७९१ सालीं नदींत नौका उलटून त्यांची पत्नी व कन्या बुडाल्या. ते मात्र वांचले. त्या दुःखांत त्यांचें मन ख्रिस्ताकडे वळलें. लंडन मिशनरी सोसायटीनें त्यांस दक्षिण आफ्रिकेंत पाठविलें. १७९९ च्या मार्च महिन्यांत ते केप टाउन बंदरीं उतरले, तेव्हां त्यांचें वय ५१ वर्षांचें होतें.

त्याच सालीं ते खोसा लोकांचा राजा न्गिका याच्या मुलखांत पोंचले. तेथें आश्रयास राहिलेला कूनराट डी बाइस नांवाचा एक गोरा मनुष्य त्यांचा दुभाषा झाला. परंतु दुभाष्याच्या द्वारें व्यवहार होतो, अंतःकरण उघडत नाहीं. म्हणून डॉक्टरसाहेबांनीं ती भाषा स्वतः शिकण्यास आरंभ केला.

हें काम सोपें नव्हतें. खोसा भाषेंत जिभेचे तीन विलक्षण ध्वनि आहेत. आपण हळहळतांना चुकचुकतों, तसा एक. जनावर हांकतांना गालाच्या बाजूनें काढतात, तसा दुसरा. आणि टाळूपासून जीभ सोडतांना टक् असा वाजतो, तो तिसरा. आपल्याकडे हे ध्वनि शब्दांत येत नाहींत. तेथें तीं शब्दांचीं अक्षरेंच आहेत. शिवाय मराठींत शब्दाचा शेवट बदलतो, तर खोसांत आरंभ बदलतो. एका मनुष्यास उम्‌न्तु व अनेकांस अबान्तु म्हणतात, आणि क्रियापदासही त्या आरंभाशीं मेळ राखावा लागतो.

त्यांच्या हातीं ना व्याकरण होतें, ना कोश. भोंवतालचे लोक हेच गुरु. त्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांनीं विषयवार लिहून काढले, आणि तो संग्रह १८०४ सालीं लंडन येथें छापून निघाला.

सीमेवरील अशांततेमुळें १८०० सालाच्या अखेरीस त्यांस तो मुलूख सोडावा लागला. तेथें पीक फारच थोडें दिसलें. पुढें १८०३ सालीं त्यांनीं बेथेल्सडॉर्प येथें खोयखोय लोकांसाठीं वस्ती स्थापिली, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जुलमाविरुद्ध त्या लोकांची बाजू घेतली. १८११ च्या डिसेंबरांत केप टाउन येथें त्यांचें देहावसान झालें.

परंतु पेरलेलें बीं वायां गेलें नाहीं. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं खोसा मुलखांत छापखाना नेला, १८३४ सालीं विल्यम बॉइस यांचें व्याकरण निघालें, आणि १८५९ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेंत छापून झालें. या सर्वांच्या आधीं एका प्रौढ पंडितानें आपली विद्या बाजूस ठेवून, बालकाप्रमाणें एकेक शब्द विचारला होता.

उपदेशक बंधूंनो, नव्या गांवीं गेल्यावर तेथील बोलीस हंसूं नका. ती आधीं कान देऊन ऐका. मग तेथील लोकही तुमचें ऐकतील.