फक्त मांस खाऊन वर्ष काढणारा स्टेफान्सन : कार्ब बंद केले की मूड खरंच सुधारतो?

भात बंद, पोळी बंद, साखर तर केव्हाच बंद. महिनाभर असं केलं की वजन उतरतं, चिडचिड जाते, डोकं हलकं होतं आणि दिवसभर उत्साह टिकतो, असं सांगणारे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. कुणी याला लो-कार्ब म्हणतं, कुणी किटो, कुणी पॅलिओ. आपले अश्मयुगातले पूर्वज शेती करत नव्हते, मग आपल्याला तरी धान्य कशाला हवं, असा यामागचा साधारण युक्तिवाद.

हा युक्तिवाद जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जगासमोर मांडला होता. तो नुसता बोलून थांबला नाही. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने हा प्रयोग स्वतःवर सुरू केला आणि वर्षभर फक्त मांस खाल्लं.

त्याचं नाव विल्हियाल्मर स्टेफान्सन. त्याच्या गोष्टीत मांस खाऊन बरी झालेली माणसं आहेत, आणि त्याच्या शब्दावर विसंबून जीव गमावलेलीही.

बर्फात सापडलेला डाएट प्लॅन

स्टेफान्सनचा जन्म 3 नोव्हेंबर 1879 चा, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातला. आई-वडील आइसलँडहून आलेले. पुढे हे कुटुंब अमेरिकेतल्या डकोटा भागात गेलं आणि पोरगा तिथेच वाढला. कॉलेजात गडी वांड निघाला. नॉर्थ डकोटाच्या विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. मग 1903 मध्ये आयोवातून पदवी घेतली आणि हार्वर्डला मानववंशशास्त्र शिकायला गेला.

1906 मध्ये त्याला आर्क्टिकच्या एका मोहिमेत जागा मिळाली. ठरलं असं होतं की तो जमिनीवरून मॅकेन्झी नदीच्या मुखापाशी जाणार आणि मोहिमेचं जहाज त्याला तिथे येऊन मिळणार. जहाज आलंच नाही. समोर ध्रुवीय हिवाळा आणि जवळ स्वतःचं सामान नाही, अशी अवस्था झाली.

त्याला इन्युइट लोकांनी घरात घेतलं. त्या काळी बाहेरचे लोक त्यांना एस्किमो म्हणायचे. खायला काय, तर मासे. सकाळी मासे, दुपारी मासे, रात्री मासे. कधी उकडलेले, कधी गोठलेले आणि कच्चेच. गंमत म्हणजे या माणसाला लहानपणापासून मासे अजिबात आवडत नव्हते. पण काही आठवड्यांत जीभ सरावली, आणि त्याच्या सांगण्यानुसार तब्येत आणि उत्साह दोन्ही उत्तम राहिले.

धान्य नाही, भाजी नाही, तरी माणूस ठणठणीत कसा?

कर्बोदकं जवळजवळ बंद झाली की यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्यं तयार करतं. स्नायू आणि मेंदू ती इंधन म्हणून वापरतात. किटो डाएट हे नाव त्यावरूनच आलं. राहिला प्रश्न क जीवनसत्त्वाचा. ताज्या, कच्च्या किंवा कमी शिजवलेल्या मांसात, यकृतात आणि व्हेलच्या कातडीत ते असतं. वाळवलेल्या किंवा डबाबंद मांसात ते फारसं उरत नाही.

चरबीचा धडा

इन्युइट लोकांकडून स्टेफान्सन एक गोष्ट पक्की शिकला, ती म्हणजे नुसतं मांस खाऊन चालत नाही, चरबी लागतेच. चरबी नसलेल्या मांसावर राहिलं की पोट भरूनही भूक जात नाही, जुलाब होतात, अशक्तपणा येतो आणि जिवाला विचित्र अस्वस्थता लागते. उत्तरेकडच्या जंगलात नुसते ससे खाऊन राहणाऱ्यांचं असं व्हायचं, म्हणून त्याला सशाची उपासमार असंच नाव पडलं होतं. यकृत एका मर्यादेपर्यंतच प्रथिनांवर प्रक्रिया करू शकतं. बाकीची ऊर्जा चरबी किंवा कर्बोदकांतूनच यावी लागते.

पण हे ज्ञान त्याच्या एकट्याचं नव्हतं. 1908 ते 1912 च्या दुसऱ्या मोहिमेत फॅनी पॅनिगाब्लुक ही इन्युइट स्त्री त्याच्यासोबत होती. कपडे शिवणं, कातडी कमावणं, आलेली शिकार साफ करून तिचं अन्न करणं, हे सगळं ती बघायची. 1910 मध्ये त्यांना अ‍ॅलेक्स हा मुलगा झाला. स्टेफान्सनने त्याला जाहीरपणे कधीच आपला म्हटलं नाही. त्याच्या पुस्तकांतही पॅनिगाब्लुक फारशी दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, हा पठ्ठ्या एकटाच बंदूक घेऊन निघाला आणि जगून दाखवलं.

उदासी गेली ती मांसाने

1913 मध्ये तो कॅनडा सरकारच्या मोठ्या मोहिमेचा प्रमुख झाला. त्याच वर्षी कार्लुक हे त्याचं जहाज बर्फात अडकलं. सप्टेंबरमध्ये तो काही जणांना घेऊन शिकारीला म्हणून उतरला. मागे बर्फाने जहाज वाहून नेलं आणि जानेवारी 1914 मध्ये ते बुडालं. त्यावरच्या 11 जणांचा सुटका होण्याआधी मृत्यू झाला. स्टेफान्सनने मात्र मोहीम पुढे चालू ठेवली आणि 1918 पर्यंत नवी बेटं शोधली.

आहार आणि मूडच्या बाबतीत त्याचा सगळ्यात महत्त्वाचा अनुभव याच मोहिमेतला, 1917 मधला. त्याच्या सोबतच्या दोन जणांनी ताजं मांस सोडून जुन्या साठ्यातल्या शिध्यावर दिवस काढले होते. त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. हिरड्या सुजण्याआधी, सांधे दुखण्याआधी त्यांच्यात दिसली ती मरगळ आणि उदासी.

स्टेफान्सनने त्यांना कॅरिबू हरणाचं कच्चं मांस खायला घातलं. काही दिवसांतच त्यांचा मूड पालटला. निराश झालेली माणसं पुन्हा उमेदीने बोलायला लागली. सांधे आणि हिरड्या नंतर सावकाश बऱ्या झाल्या.

त्या दोघांचा मूड सुधारला तो कार्ब बंद केले म्हणून नव्हे. शरीरात ज्या गोष्टीची कमतरता होती ती मिळाली म्हणून सुधारला. त्यांना संत्री मिळाली असती, तरी हेच झालं असतं.

त्या दोघांपैकी एकाचं नाव लॉर्न नाइट. हे नाव लक्षात ठेवा.

मला जमलं, म्हणजे सगळ्यांना जमेल

1921 मध्ये स्टेफान्सनचं द फ्रेंडली आर्क्टिक हे पुस्तक आलं. आर्क्टिक हा माणसाचा शत्रू नाही, शिकार करता आली की तिथे कुणीही मजेत राहू शकतं, असा त्याचा सूर होता.

त्याच वर्षी त्याने सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या रँगल बेटावर पाच जणांना पाठवलं. चार तरुण आणि शिवणकामासाठी घेतलेली एडा ब्लॅकजॅक ही इन्युइट स्त्री. स्टेफान्सन स्वतः गेला नाही. शिधा साधारण सहा महिन्यांचा होता, बाकीचं बेटावरच्या शिकारीवर भागेल असा हिशेब.

पहिला हिवाळा निघाला. 1922 मध्ये मदतीचं जहाज बर्फामुळे पोचू शकलं नाही. शिकार कमी पडू लागली. जानेवारी 1923 मध्ये तिघे जण मदत आणायला बर्फावरून सायबेरियाकडे निघाले, ते परत कधीच दिसले नाहीत. चौथा आजारी होता. त्याला एडाने सांभाळलं, पण जूनमध्ये त्याचा मृत्यू झाला. आजार होता स्कर्व्ही आणि तो माणूस होता लॉर्न नाइट. सहा वर्षांपूर्वी कच्चं मांस खाऊन याच आजारातून उठलेला. इलाज त्याला माहीत होता, पण ताजं मांस पुरेसं नव्हतं.

एडा शहराजवळच्या मिशनऱ्यांकडे वाढलेली, शिकार तिला येत नव्हती. ती सापळे लावायला आणि बंदूक चालवायला तिथेच शिकली आणि ऑगस्ट 1923 मध्ये जहाज आलं तेव्हा जिवंत होती. पाचांपैकी एकटी.

हॉस्पिटलमधलं एक वर्ष

या सगळ्यामुळे स्टेफान्सनच्या नावाला डाग लागला, तरी मांसाहाराबद्दलचं त्याचं मत बदललं नाही. डॉक्टर मंडळी मात्र मानायला तयार नव्हती. नुसत्या मांसाने किडनी खराब होईल, रक्तदाब वाढेल, स्कर्व्ही होईल, असं त्यांचं म्हणणं.

1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये प्रयोग सुरू झाला. देखरेख युजीन ड्युबॉइस या नामांकित डॉक्टरांची. स्टेफान्सनसोबत त्याचा मोहिमेतला जुना सोबती कार्स्टन अँडरसनही तयार झाला. प्रयोगाला पैसा होता अमेरिकेतल्या मांस उद्योगाच्या संस्थेचा, हेही ध्यानात ठेवायला हवं.

सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला चरबी नसलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांतच मळमळ, जुलाब आणि अस्वस्थता सुरू झाली. चरबी वाढवली आणि तो दोन दिवसांत सावरला. बर्फात शिकलेला धडा शहरातही खरा ठरला.

नंतर दोघांनी वर्ष पूर्ण केलं. पहिले काही आठवडे हॉस्पिटलात, बाकीचा काळ बाहेर राहून. त्यांच्या आहारातली साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा चरबीतून येत होती. शेवटी काय निघालं? स्कर्व्ही नाही, रक्तदाब वाढलेला नाही, किडनीला दिसण्याजोगी इजा नाही. दोघांचंही वजन थोडं कमी झालं होतं. 1930 मध्ये हे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापून आले.

निष्कर्ष खरे, पण किती जणांवरून? दोन. दोघेही निरोगी पुरुष आणि दोघांनीही आधी अनेक वर्षं असा आहार घेतलेला. एवढ्यावरून इतकंच सिद्ध होतं की योग्य चरबी आणि ताजं मांस असेल तर माणूस धान्याशिवाय वर्ष काढू शकतो. प्रत्येकाने काढावं, हे सिद्ध होत नाही.

म्हातारपणी परत तोच आहार

1941 मध्ये, साठी ओलांडल्यावर, स्टेफान्सनने एव्हलिन बेअर्डशी लग्न केलं. 1952 मध्ये त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. पुढे काही वर्षांनी त्याने ठरवलं की आपण परत अश्मयुगीन जेवणावर जायचं.

एव्हलिनने याबद्दल लिहून ठेवलंय. वजन उतरलं, दुखणारे सांधे मोकळे झाले, आणि किरकिरा होत चाललेला नवरा पुन्हा हसतमुख झाला, असा तिचा अनुभव. लो-कार्ब आहाराने मूड सुधारतो, या दाव्याचं हे जुनं आणि प्रामाणिक उदाहरण आहे. पण हा बदल आहाराचा, वजन घटल्याचा, दुखणं थांबल्याचा की बरं वाटणार या विश्वासाचा, हे एका माणसावरून कळणार कसं?

26 ऑगस्ट 1962 रोजी, 82 व्या वर्षी, अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी स्टेफान्सनचं निधन झालं.

मग कार्ब सोडल्यावर मूडचं काय होतं?

2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. वजन जास्त असलेल्या 106 जणांचे दोन गट केले. एकाला कमी कार्ब आणि जास्त चरबीचा आहार, दुसऱ्याला जास्त कार्ब आणि कमी चरबीचा. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच.

आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचा मूड सुधारला होता. वर्षभरात दोन्हीकडे वजनही सारखंच उतरलं, सरासरी 13 किलोच्या वर. पण मूडमधली सुधारणा टिकली ती कार्ब खाणाऱ्यांची. कमी कार्बवाल्यांचा मूड जवळपास होता तिथेच परत आला. चारचौघांच्या जेवणात वेगळं खाणं वर्षभर निभावण्याचा ताण हे एक कारण असू शकतं, असं संशोधकांना वाटलं. इन्युइट लोकांना हा प्रश्न नव्हता, कारण तिथे सगळं घर तेच खात होतं.

म्हणून पहिल्या महिन्याचे रील्स खोटे नसतातही. पण ते पहिल्या महिन्याचे असतात.

त्यामुळे लो-कार्ब करून बघायचं असेल, तर पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड होऊ शकते, हे माहीत असू द्या. कार्ब आणि चरबी एकदमच तोडू नका, बेलव्ह्यूतले ते पहिले दोन-तीन दिवस आठवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी बंद करू नका, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आणि उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर ताट बदलून वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

कुणी मला जमलं म्हणून तुम्हालाही जमेल असं सांगितलं, तर त्याच्याकडे काय होतं आणि आपल्याकडे काय आहे, एवढं एकदा विचारून बघा. रँगल बेटावर निघण्याआधी हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नव्हता.