सर रतन टाटा: १९१३ चं मृत्युपत्र, जे आजही 'चालू' आहे

'सर रतन टाटा ट्रस्ट' हे नाव ऐकलं की बहुतेकांना २०२४ मध्ये आपल्यातून गेलेले रतन टाटा आठवतात. पण ट्रस्टच्या नावातले रतन वेगळे. ते आजोबांच्या पिढीतले, आणि हा ट्रस्ट उभा राहिला तो त्यांच्या मृत्युपत्रातून.

सर रतन म्हणजे जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव. जन्म २० जानेवारी १८७१, मुंबई. थोरले भाऊ दोराबजी त्यांच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठे. १९०४ मध्ये जमशेटजी गेले, तेव्हा पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत ही त्यांची तिन्ही स्वप्नं अर्धवट होती. मुलांच्या हाताखाली ती पुरी झाली: १९०७ मध्ये टिस्को, १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, १९१५ मध्ये खोपोलीची वीज.

धंद्यात असूनही सर रतन यांची ओढ दुसरीकडे होती. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला त्यांनी एकूण सव्वा लाख रुपये दिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला मदत केली. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला, ज्यात मौर्यकाळातल्या खांबांच्या दालनाचे अवशेष सापडले. १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीची कारणं शोधण्यासाठी पैसे दिले. गरिबाला एक वेळचं जेवण देणं चांगलंच, पण तो गरीब का राहतो हे शोधायलाही पैसा लागतो, हे त्यांना कळलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, नुसता एरर मेसेज बंद न करता मूळ बग शोधणं.

त्यांना आणि पत्नी नवाजबाईंना मूल नव्हतं. १९१३ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. मूलबाळ नसेल तर उरलेली संपत्ती शिक्षण, ज्ञान, उद्योग, दुःखनिवारण आणि लोकोपयोगी कामांसाठी वापरावी, असं त्यात ठरवलं. खरी गंमत पुढे आहे. जाणकार माणसं नेमून समाजाच्या प्रश्नांचा अभ्यास करावा, नीट आखलेल्या योजनेलाच पैसे द्यावेत आणि जुन्या ठरीव चाकोरीत न अडकता विज्ञान व विचार पुढे जातील तसं काम बदलावं, असंही त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे हेतू पक्का, पद्धत मोकळी. काहीच हार्डकोड केलं नाही.

५ सप्टेंबर १९१८ ला इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज इथे ते गेले. वय अवघं ४७. १९१९ मध्ये सुमारे ८० लाख रुपयांच्या निधीवर ट्रस्ट सुरू झाला. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गेला, तो आजही तिथे आहे. नवाजबाईंनी पुढे नवल यांना दत्तक घेतलं. आपल्याला माहीत असलेले रतन टाटा हे या नवल यांचे चिरंजीव.

जवळजवळ शंभर वर्षांनी याच ट्रस्टने विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी 'सुखी बळीराजा' हा उपक्रम हाती घेतला. १९१३ मध्ये हा प्रश्न कुणाच्या डोळ्यासमोर असणं शक्यच नव्हतं. मृत्युपत्रातली मोकळीक इथे कामी आली.

८० लाख नसले तरी हीच रचना आपल्यालाही वापरता येते. समजा, नाशिकमध्ये तुमचा स्वतःच्या कमाईचा फ्लॅट आणि काही ठेवी आहेत. त्यातला ठरावीक हिस्सा, अगदी पाच टक्केसुद्धा, एखाद्या वाचनालयाला किंवा रुग्णालयाला ठेवता येतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. नोंदणीबद्दल शंका असेल तर नाशिकमध्येच धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे. अंमलबजावणी कोण करणार, त्या माणसाचं नाव लिहा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झालं, असं समजू नका.

आणि सर रतन यांच्याकडून ही मोकळीक उसनी घ्या: ती संस्था उद्या बंद पडली, तर त्याच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला पैसे जावेत, हेही लिहून ठेवा.