ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कृष्णा-कोयनेच्या संगमावर कऱ्हाड हे पुरातन नगर वसलेले आहे. त्याच्या शेजारीच गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. या खेड्यात दादासाहेब जाधव या मल्लाच्या घरी १५ जानेवारी १९२६ रोजी पाचवा मुलगा जन्मास आला. हाच मुलगा पुढे खाशाबा जाधव या नावाने कीर्तीस चढला.

मल्लविद्या घरचीच असल्यामुळे आखाड्यातील तांबड्या मातीशी खाशाबांची ओळख बालपणीच झाली. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले व पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. शरीराने ते धिप्पाड नव्हते. परंतु अंगी चपळाई होती, आणि प्रतिस्पर्ध्यास क्षणार्धात डावात अडकविण्याची हातोटी त्यांना साधली होती.

आपल्याकडे कुस्ती ही गावच्या यात्रेचा प्राण होय. हलगी कडाडू लागली की माणसांचे थवे फडाकडे लोटतात. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि दिवस कलता कलता मोठ्या इनामाची जोड लागते. विजयी मल्लास फेटा बांधतात, रोख इनाम देतात. मल्लाचा दूध-तुपाचा व बदामाचा खुराक बव्हंशी अशा इनामांवरच चालतो, आणि त्यात कोणासही काही वावगे वाटत नाही.

ऑलिंपिकचा दंडक मात्र त्या काळी अगदी निराळा होता. खेळावर पैसा मिळविणाऱ्यास तेथे प्रवेश नसे. केवळ हौशी खेळाडूसच स्थान असे. फिनलंडचा विख्यात धावपटू पावो नुर्मी याने ऑलिंपिकमध्ये ९ सुवर्णपदके जिंकली होती. तथापि शर्यतींसाठी नियमाबाहेर पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धांत त्यास उतरू दिले गेले नाही. हा दंडक दिसावयास मोठा उदात्त. पण ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली, त्यालाच तो परवडणारा होता, असे म्हणणे भाग आहे. पुढे तो लोपला. आज इगतपुरीच्या घाटमाथ्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या एखाद्या मुलीने मोठ्या शहरातील मॅरेथॉन शर्यत जिंकली, तर रोख पारितोषिक ती राजरोस स्वीकारू शकते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तर धावणे, उड्या व फेकीच्या शर्यतींतील प्रत्येक सुवर्णपदकासाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ५०,००० डॉलरचे पारितोषिक ठेवले होते. खाशाबांच्या काळी ऑलिंपिकच्या पदकासोबत एक छदामही मिळत नसे, आणि पदकापर्यंत पोहोचण्याचा खर्च तेवढा ज्याचा त्याने पाहावयाचा, अशी स्थिती होती.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या या मल्लास तेथील गादीवरची कुस्ती अपरिचित होती, तिचे नियमही नवे होते. तरीही आपल्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. सरकारी मदत अपुरी होती. खाशाबा दारोदार फिरले. गावकऱ्यांनी व स्नेह्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली. तरीही रकमेची तोंडमिळवणी होईना. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. शिष्य पदक आणील याची खात्री कोण देणार? आणि आणले तरी त्या पदकाने गहाण घर सुटणार नव्हते.

हेलसिंकीस उद्घाटनाच्या दिवशी क्रीडाज्योत घेऊन मैदानात आला तो नुर्मीच. वीस वर्षांपूर्वी ज्यास पैशापायी दूर सारले होते, त्याच्याच हस्ते तेथील ज्योत उजळली. स्पर्धेत खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना चीत केले. पुढे जपानचा इशी व रशियाचा मामेदबेकोव यांच्यापुढे त्यांचे बळ अपुरे पडले. दोन लढतींमध्ये त्यांना पुरेशी विश्रांतीही मिळाली नाही, आणि त्यासाठी भांडणारा कोणी भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. २३ जुलै १९५२ रोजी त्यांस कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडले.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांची ती वाट, पण त्या दिवशी सरता सरेना. सत्कार झाले, हार पडले. परंतु गुरूचे घर अद्याप सावकाराकडेच होते. तेव्हा खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्यातून मिळालेला पैसा खर्डेकरांच्या स्वाधीन करून ते घर सोडविले. जगाने गौरविलेला मल्ल पुन्हा गावच्या मातीत उतरला, तो या ऋणासाठी.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले व साहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत चढले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिंपिकला मात्र ते मुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गोळेश्वरात जाधवांचे घर आहे; त्याचे नाव ऑलिंपिक निवास.