नारायण मेघाजी लोखंडे : रविवारची सुट्टी आणि परदेशचा बाजार

जागतिकीकरण १९९१ साली आले, असे आपल्या पोरांना शिकविले जाते. आम्हाला ते मान्य नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ते दीडशे वर्षांपूर्वीच येऊन बसले होते. त्याची किंमत मोजणाऱ्यांचे पहिले पुढारी म्हणजे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) आपल्याकडे कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले. लँकेशायरच्या स्वस्त कापडाने कित्येक गावांचे माग बंद पाडले. १८८२ साली तर इंग्रज सरकारने त्या कापडावरची जकातही उठविली. कोकणातला, घाटावरचा बेकार माणूस मुंबईची वाट धरू लागला. पण मुंबईच्या गिरण्याही त्याच बाजाराशी बांधलेल्या. त्यांचे सूत चीनला जाई. तिकडे मागणी घटली की इकडे चाळीतली चूल विझे.

रेल्वे, टपाल अशा नोकऱ्या करून लोखंडे एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणारी माणसे ते रोज पाहत. १८८० साली त्यांनी 'दीनबंधु' पत्र हाती घेतले. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. अशा मागण्या त्यात होत्या!

वकील म्हणून आम्हाला पुढची गोष्ट मोलाची वाटते. हिंदी गिरण्यांना कायदा लावा, अशी ओरड मँचेस्टरचे भांडवलदारही करीत होते. त्यांना कामगारांची दया नव्हती, स्पर्धा नको होती. मुंबईचे मालक देशी धंद्याचे नाव पुढे करून कायद्यालाच विरोध करीत. दोन शेठांच्या या भांडणात लोखंड्यांनी फक्त कामगारांची बाजू धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायाही भाषणाला उभ्या राहिल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

उणीवही सांगितली पाहिजे. गिरण्यांचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंदच राहिले. तो प्रश्न १९२८ च्या संपात बाबासाहेबांना मांडावा लागला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तोही व्यापाराच्या जहाजांतूनच आला असे मानतात. हजारो कामगार गावी पळाले, गिरण्या ओस पडल्या. एरवी पगार अडवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे मोजून माणसे शोधू लागले. लोखंडे मुंबईतच रुग्णांच्या सेवेत राहिले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना नेले.