माणिकवर्णी सोने

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. त्यामुळे लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढ्यावरच त्याचे शिक्षण आटोपले. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचूनही काढी. १८१२ साली सर हंफ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकण्याचा योग त्यास आला. ती त्याने सुवाच्य अक्षरांत उतरविली, त्यांचे पुस्तक स्वहस्ते बांधले आणि डेव्हीकडे पाठविले. पुढील वर्षी डेव्हीने त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतले.

१८३१ साली फॅरडेने चुंबकाच्या साहाय्याने विद्युत्प्रवाह निर्माण केला, ही कथा सर्वपरिचित आहे. येथे सांगावयाची आहे ती त्याच्या उतारवयातील एका शोधाची.

१८५६ साली फॅरडे पासष्टीच्या घरात होता. स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. प्रयोगवहीतील प्रत्येक नोंदीस क्रमांक देण्याची जुनी सवय त्यास आता फार उपयोगी पडत असावी. अशा स्थितीत त्याने एक नवाच प्रश्न हाती घेतला : प्रकाशलहरींहूनही पुष्कळ लहान असे धातूचे कण प्रकाशावर कोणता परिणाम करितात? त्यासाठी त्याने सोने निवडले. कारण सोन्याचा वर्ख प्रकाशासमोर धरला, तर त्यातून हिरवा उजेड पलीकडे येतो.

वर्खाहूनही पातळ पापुद्रे मिळावेत म्हणून तो सुवर्णक्षाराच्या पाण्यावर फॉस्फरसची क्रिया घडवीत असे. काम झाल्यावर उरलेल्या पाण्यास त्यास फिकट तांबडी छटा दिसली. दुसऱ्या एखाद्याने ते धुवण मोरीत ओतले असते. फॅरडेने ते जपून ठेविले. पुढे मुद्दाम तयार केलेला द्राव तर माणकासारखा लाल झाला. पिवळे सोने गेले कोठे? भिंगातून प्रखर किरण सोडताच त्या द्रावात प्रकाशाचा शंकू उजळून उठला. पूर्णपणे विरघळलेल्या पदार्थात असे होत नाही. चिमूटभर मीठ टाकताच लाल रंग निळसर झाला आणि कालांतराने तळाशी गाळ बसला. पाण्यात तरंगत आहे ते धातुरूप सोनेच, असा निष्कर्ष त्याने काढला आणि ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे मांडला. मात्र उत्तमांतील उत्तम सूक्ष्मदर्शकातूनही ते कण त्यास दिसले नाहीत. एवढ्या श्रमांतून फारसे निष्पन्न झाले नाही, असेच त्याने एका मित्रास कळविले होते!

हे कण जन्मास कसे येतात, हे आता पुष्कळसे उलगडले आहे. क्षारातील सोने विद्युद्भारित असते. फॉस्फरसमुळे तो भार नाहीसा होतो आणि सोन्याचे सुटे अणू उरतात. पाण्यात त्यांना थारा नसतो. म्हणून ते एकमेकांस बिलगतात. परंतु अगदी लहान पुंजक्यातील बहुतेक अणू पृष्ठभागावरच असतात, त्यांची पकड सैल असते, आणि पुंजका पुन्हा विस्कटतो. योगायोगाने ठरावीक आकाराहून मोठा पुंजका जमला, तरच तो टिकतो. तेच स्फटिकाचे बीज. एकदा बीज पडले की नवे अणू त्यावर बसत जातात. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, तो असाच स्फटिकांना आधार देण्यासाठी. एकाच वेळी पुष्कळ बीजे पडली, तर सोने त्यांत वाटले जाते आणि प्रत्येक स्फटिक चिमुकलाच राहतो. सोन्याचे असे एकेकटे तरंगणारे कण हिरवा प्रकाश शोषून घेतात. म्हणून द्राव तांबडा दिसतो. मिठाने ते एकत्र गोळा झाले, की तो निळसर दिसू लागतो.

फॅरडेने मानमरातबाची हाव कधी धरली नाही; रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही त्याने नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्याचे निधन झाले. पुढे रिखार्ड झिगमाँडी या शास्त्रज्ञाने फॅरडेच्या कृतीने केलेला द्रावच बीज म्हणून वापरला आणि त्यावर हव्या त्या आकाराचे सुवर्णकण वाढविले. झिगमाँडीस १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ साली जॉन टर्केविच व त्याच्या सहकाऱ्यांनी अशा सुवर्णकणांची वाढ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. फॅरडेच्या काही कुप्या लंडनमध्ये अद्याप जतन करून ठेविल्या आहेत. त्यांतील द्राव अजून तांबडाच आहे.