डॉ. रखमाबाई

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. परंतु त्या आईजवळच राहून शिकल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. अजाण वयात, संमतीवाचून झालेले लग्न आपणांस बांधीत नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली दावा फेटाळला गेला. पण अपिलानंतर १८८७ साली नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे विलायतेत डॉक्टर होऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या निवर्तल्या.

आज कायद्यात पत्नीला आसरा आहे. ख्रिस्ती पत्नीस २००१ पासून केवळ छळाच्या कारणावरूनही घटस्फोट मागता येतो. २००५ च्या कायद्यान्वये मारहाणीस मनाई, राहते घर व पोटगी यांचे हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. संरक्षण अधिकारी अर्जास साहाय्य करतात. बीदर-कलबुर्गीकडील आपल्या मंडळ्यांत एखादी भगिनी मार खाऊन आली, तर नुसती समजूत घालून तिला परत धाडू नये. तिच्याबरोबर कोर्टाच्या पायरीपर्यंत चालावे, असे आम्हांस वाटते.