ज्याँ-फिलिप रामो : सत्तरीत आपलंच काम पुन्हा तपासणारा संगीतकार

विद्यार्थी मित्रांनो, एकदा लिहिलेला निबंध पुन्हा लिहायचा म्हटलं की अगदी जिवावर येतं, हो ना? आज आपण अशा एका संगीतकाराची ओळख करून घेऊया, ज्याला हे काम कमीपणाचं वाटलं नाही.

ज्याँ-फिलिप रामो यांचा जन्म १६८३ साली फ्रान्समधील दिजाँ या गावी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. रामोंनीही बरीच वर्षे तेच काम केले. १७२२ मध्ये स्वरांच्या मेळाविषयी त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण ऑपेरा, म्हणजे ज्यात संवादसुद्धा गाऊनच म्हणतात असं नाटक, रंगमंचावर आणायला त्यांना पन्नाशी गाठावी लागली! १७३३ मधल्या त्या पहिल्या ऑपेरातला एक भाग इतका अवघड होता, की गायकांना तो जमेना. शेवटी तो गाळावा लागला. जुन्या वळणाच्या रसिकांनी नावंही ठेवली. तरी रामो लिहीत राहिले.

१७३७ मध्ये त्यांचा ‘कास्तोर ए पोल्युक्स’ हा ऑपेरा आला. ही दोन जुळ्या भावांची गोष्ट. कास्तोर मर्त्य, पोल्युक्स अमर. कास्तोर लढाईत मारला जातो, तेव्हा पोल्युक्स आपलं अमरत्व सोडून त्याच्या जागी मृत्युलोकात जायला तयार होतो. शेवटी दोघांनाही आकाशात स्थान मिळतं. मिथुन राशीतले हे दोन तारे आपल्याकडे पुनर्वसू नक्षत्र म्हणून ओळखले जातात.

पहिल्या रूपात नाटकाचा पडदा उघडला की कास्तोर आधीच मेलेला! त्याच्या अंत्यविधीचं संगीत सुंदर होतं, पण भावांचं प्रेम प्रेक्षकांनी अजून पाहिलंच नव्हतं. मग रडू कुणासाठी यायचं? १७५४ मध्ये, सत्तरीत, रामोंनी हा ऑपेरा बदलून पुन्हा रंगमंचावर आणला. तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ जोडलेला सुरुवातीचा प्रवेश काढून टाकला. कास्तोर जिवंत असतानाचा एक नवा अंकच लिहिला. लांबलेले भाग छाटले. अंत्यविधीचं संगीत मात्र ठेवलं, फक्त ते आता दुसऱ्या अंकात आलं. ऐकणाऱ्याला त्या दुःखाचं कारण कळलं आणि नव्या रूपाला मोठं यश मिळालं.

१७६४ मध्ये पॅरिसला रामोंचे निधन झाले. आजही काही कलावंत पहिलं रूप सादर करतात, काही दुसरं. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत.

मुलांनो, पुन्हा लिहिणं म्हणजे सगळंच खोडणं नव्हे. चांगलं काय ते ओळखून जपायचं आणि वाचणाऱ्याला कुठे अडलं ते शोधायचं. पुढचा निबंध लिहून झाला की एवढं नक्की करून बघा!